वॉडिंग्टनच्या कुंपणापाशी

लिंकन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गुलामगिरी संपवणारा अमेरिकेचा अध्यक्ष येतो. पण लिंकन नावाचे एक जुने शहर इंग्लंडच्या पूर्व भागातही आहे. आमचा थोरला मुलगा तिथल्या एका इस्पितळात परिचारक आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत त्याने आम्हा दोघांना बोलावून घेतले. इंदोऱ्याच्या गल्लीतून कधी फार लांब न गेलेले आम्ही स्वेटर, कानटोप्या, लोणच्याची बरणी आणि बाबासाहेबांची लहानशी तसबीर घेऊन विमानात बसलो.

लिंकन टेकडीवर वसलेले आहे. माथ्यावर एक प्रचंड ख्रिस्ती मंदिर आहे आणि त्याचे मनोरे कितीतरी मैलांवरून दिसतात. शेजारच्या किल्ल्यात १२१५ सालच्या ‘मॅग्ना कार्टा’ची एक मूळ प्रत जपून ठेवली आहे. राजाच्या मर्जीवरही कायद्याचे बंधन असावे, हे सांगणारी ती सनद. संविधानाच्या वाटेवरचा हा एक जुना मैलाचा दगड म्हणून आम्ही तो किल्ला भक्तिभावाने नव्हे, पण आदराने पाहिला. मात्र आज वाचकांना सांगायचे आहे ते शहराबाहेरच्या एका तारेच्या कुंपणाविषयी.

लिंकनच्या दक्षिणेला चार-पाच मैलांवर वॉडिंग्टन नावाचे गाव आहे. तिथे ब्रिटिश हवाई दलाचा मोठा तळ आहे. त्या मार्च महिन्यात ६ ते २४ तारखेपर्यंत तिथे ‘कोब्रा वॉरियर’ नावाचा अनेक देशांचा हवाई सराव चालला होता. आपल्या हवाई दलाची पाच मिराज विमाने जामनगरहून त्यासाठी आली होती. सोबत दोन अवजड मालवाहू विमाने, हवेतच इंधन भरणारे एक विमान आणि १४५ जण. याआधी २००७ साली आपली सुखोई विमानेही ‘इंद्रधनुष’ सरावासाठी याच तळावर आली होती. मुलाला फोटो काढण्याचा नाद. त्याने जुना वापरलेला कॅमेरा आणि लांब भिंग हप्त्याने घेतले आहे. तो म्हणाला, “आई, आपली विमानं इथं आली आहेत. चला, उडताना पाहू.”

त्याच्या आईने लगेच होकार दिला नाही. त्याला कारण होते. आमची धाकटी मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. हवाई दलात अग्निवीर वायू म्हणून भरती होण्याचा तिने ध्यास घेतला होता. मुलींनाही तो मार्ग खुला झाला होता. नोकरी चार वर्षांची, त्यातून फार तर शंभरात पंचवीस जणांना पुढे कायम करतात. अर्ज भरण्याचे दिवस जवळ आले होते आणि नागपूरहून रोज रात्री तिचा फोन येत होता. आईचे उत्तर ठरलेले, “आधी आम्ही घरी येऊ, मग बोलू.” धाकटी म्हणायची, “तोवर तारीख निघून जाईल.”

घरात पलटणीचे वावडे होते असे नाही. आमचे आजे महार रेजिमेंटमध्ये होते. आपल्या लोकांची भरती इंग्रजांनी १८९० नंतरच्या काळात बंद केली, गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज लिहिला, पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली महारांची पलटण उभी केली आणि काम भागल्यावर १९२१ मध्ये मोडूनही टाकली. पुढे बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. सुभेदार रामजींच्या लेकराने लढून मिळवलेला हा हक्क आहे, हे आम्ही मुलांना लहानपणापासून सांगत आलो. पण इतिहास सांगणे वेगळे आणि पोटच्या पोरीचा अर्ज भरणे वेगळे, हे त्या महिन्यात कळले.

२० मार्चला चवदार तळ्याचा दिवस. सकाळी घरातच तसबिरीपुढे मेणबत्ती लावून त्रिशरण-पंचशील घेतले. त्याच आठवड्यात मुलाला सुटी मिळाली आणि आम्ही तिघे निघालो. डब्यात तिखट पुऱ्या आणि थर्मासमध्ये चहा.

तळाच्या पूर्वेच्या अंगाने मोठा रस्ता जातो. त्या रस्त्यावरून कुंपणाच्या आत एक अवाढव्य जुने विमान दिसते. त्रिकोणी पंखांचे ते व्हल्कन. एके काळी ब्रिटनचे अणुबाँब नेण्यासाठी ही विमाने सज्ज असत. समोर उभे असलेले विमान १९८२ सालच्या फॉकलंड बेटांच्या युद्धात बाँब टाकून आले होते. आता पावसात भिजत आणि उन्हात वाळत उभे आहे. येणारे-जाणारे त्याच्याकडे वळूनही पाहत नाहीत.

रस्त्याच्या कडेला मात्र पन्नासेक माणसे उभी होती. कुणी निवृत्त बसचालक, कुणी गवंडी, कुणी शाळा बुडवून आलेली पोरे. कुंपणाच्या वरून फोटो काढता यावा म्हणून कित्येकांनी घडीच्या शिड्या आणल्या होत्या. आम्ही पहिल्यांदा घाबरलो. आपल्याकडे लष्करी तळाच्या भिंतीवर ‘छायाचित्र काढण्यास मनाई’ अशी पाटी असते आणि ती गमतीने लावलेली नसते. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा अजून लागू आहे. वाचकांतील तरुणांना इथेच सांगून ठेवतो की आमचे वाचून आपल्या गावच्या हवाई तळाकडे मोबाइल रोखू नका. परदेशातही सगळीकडे मोकळीक नसते. २००१ साली ग्रीसमध्ये विमानांची नोंद करणाऱ्या बारा ब्रिटिश आणि दोन डच हौशी लोकांना पकडले होते. त्यांच्यावर हेरगिरीचा ठपका बसला आणि २००२ च्या अखेरीस अपिलात ते सुटले. वॉडिंग्टनला मात्र कुंपणाबाहेर उभे राहून पाहायला कुणी हटकत नव्हते. कामकरी माणसे आपल्या करातून चाललेला कारभार उघड्या डोळ्यांनी पाहत होती, ही गोष्ट आम्हाला आवडली.

फोटो काढणे हेही कष्टाचे काम आहे, हे तिथे समजले. विमान वाऱ्याच्या तोंडाने उडते. त्या दिवशी वारा दक्षिण-पश्चिमेकडून होता, म्हणजे विमाने दक्षिणेकडे झेपावणार. कुठे उभे राहायचे ते त्यावरून ठरते. आपण रस्त्यावर पूर्वेला उभे, तळ पश्चिमेला. म्हणून सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि विमानाचा रंग, त्यावरचे आकडे स्वच्छ येतात. दुपार कलली की सूर्य समोर येतो आणि विमान काळे दिसते. धावणाऱ्या विमानाबरोबर कॅमेरा त्याच वेगाने फिरवावा लागतो. हजाराव्या हिश्श्याइतक्या सेकंदात झडप उघडून मिटली पाहिजे, नाहीतर चित्र पुसट होते. धावपट्टी तापली तर हवा थरथरते आणि चाकांजवळचे सगळे पाण्यात पाहिल्यासारखे वाकडे दिसते. मुलगा हे सारे सांगत होता आणि आम्ही कानटोप्या खाली ओढून ऐकत होतो.

बाराच्या पुढे गलबला सुरू झाला. आधी फिनलंडची दोन शेपट्यांची विमाने गेली. मग लांबून त्रिकोणी पंखांची चार विमाने एकामागे एक संथपणे येताना दिसली. शेपटीवर तिरंगा होता. आमच्या तोंडून आपसूक निघाले, “आपली!” शेजारचे दोघे-तिघे हसले आणि बाजूला सरकून त्यांनी आम्हाला पुढे जागा करून दिली.

मिराज हे फ्रान्सचे विमान. एकाच इंजिनाचे. आपल्याकडे ते १९८५ पासून आहे आणि हवाई दलाने त्याला ‘वज्र’ नाव दिले. १९९९ साली कारगिलच्या शिखरांवर आणि २०१९ साली बालाकोटला हीच विमाने गेली होती. पहिले विमान धावपट्टीच्या टोकाशी थांबले. क्षणभर शांतता. मग मागच्या बाजूला नारिंगी ज्वाळा पेटली आणि असा आवाज झाला की कानांनी ऐकण्याआधी तो छातीत जाणवला. आई दोन्ही हातांनी कान दाबून उभी होती. एक गेले. थोड्या अंतराने दुसरे, तिसरे, चौथे. ढगाखाली ठिपके झाले आणि ठिपकेही मिटले. मुलाने दीडशे फोटो काढले होते. त्यातले दहा-बारा तरी सुरेख होते. एकात तर वैमानिकाचे शिरस्त्राणही दिसत होते.

“झालं ना? चला आता, थंडी वाजते,” आई म्हणाली.

पलीकडे घडीच्या खुर्चीवर एक आजोबा बसले होते. पंचाहत्तरीचे असतील. आयुष्यभर रेल्वेत लाइनवर काम केलेले. त्यांनी विचारले, “निघालात? ती परत यायची आहेत अजून.” त्यांच्याजवळ कॅमेरा नव्हता. मांडीवर एक वही होती. वहीत दोन रकाने. डावीकडे गेलेल्या विमानांचे क्रमांक आणि वेळ, उजवीकडे आलेल्यांची वेळ. डावा रकाना भरला होता आणि उजवा कोरा होता.

आम्ही थांबलो. पुऱ्यांचा डबा उघडला आणि एक पुरी आजोबांना दिली. त्यांना तिखट लागले, पण दुसरीही त्यांनी मागून घेतली. मुलगा मधे दुभाष्या झाला. आजोबांचे वडील दुसऱ्या महायुद्धात याच तळावर यांत्रिक होते. १९४१ च्या मे महिन्यात जर्मनांच्या हल्ल्यात या गावचे चर्च जमीनदोस्त झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात लँकेस्टर नावाची चार इंजिनांची बाँबफेकी विमाने हवाई दलात सर्वांत आधी इथल्याच तुकडीला मिळाली. एका विमानात सात माणसे. संध्याकाळी ती जर्मनीकडे जात आणि पहाटे परतत. परतणाऱ्यांना टेकडीवरच्या मंदिराचे मनोरे दिसले की घर आले असे वाटे. जमिनीवरचे यांत्रिक रात्रभर जागे राहून आपापल्या विमानाची वाट पाहत. आजोबा म्हणाले, “बाबा घरी आले की आई त्यांना एकच विचारायची, किती गेली आणि किती आली. मला मोजायची सवय लागली ती तिथून.”

ब्रिटनच्या बाँबफेकी दलात सुमारे सव्वा लाख वैमानिक आणि सहकारी होते. त्यांतले ५५,५७३ जण मेले. शंभरात चव्वेचाळीस. बहुतेक विशीतले. आमच्या धाकटीच्याच वयाचे म्हणायचे.

आईने विचारले, “मग आता युद्ध नाही, तर हा एवढा खर्च आणि आवाज कशाला?” मुलाने जे सांगितले ते पटण्यासारखे होते. व्हिएतनामच्या युद्धानंतर अमेरिकेच्या लक्षात आले की नवखा वैमानिक पहिल्या दहा फेऱ्यांतून वाचला तर पुढे तो टिकण्याची शक्यता पुष्कळ वाढते. मग त्या पहिल्या दहा फेऱ्या खऱ्या शत्रूपुढे न करता सरावातच करून घ्याव्यात, म्हणून १९७५ साली त्यांनी नेवाडात ‘रेड फ्लॅग’ सराव सुरू केला. आपले हवाई दल २००८ साली त्यातही गेले होते. वॉडिंग्टनचा सराव त्याच जातीचा. निम्मी विमाने हल्ला करणार, निम्मी अडवणार. कुणी कुणाला खरोखर मारत नाही. खाली उतरल्यावर सगळे एकत्र बसून कोण कुठे चुकला ते तपासतात. थोडक्यात, गेलेल्याने परत यावे याचीच ही शाळा.

आई गप्प झाली. आम्हाला मात्र आपले कारखान्याचे दिवस आठवू लागले. आमच्यापैकी एकाची अडतीस वर्षे नागपूरजवळच्या आयुध निर्माणीत लेथवर गेली. तोफगोळ्यांची कवचे कातायची, मापात बसवायची आणि गाडीत भरायची. फाटकातून ती बाहेर गेली की आमचे काम संपले. त्यांतले एकही परत आले नाही. परत येण्यासाठी ते केलेलेच नसते. त्या पगारावर मुले शिकली, घरावर स्लॅब पडला आणि त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. तरी पंचशीलातले पहिले शील दररोज म्हणणाऱ्या माणसाला हा प्रश्न कधीतरी पडतोच. वरचा परत येतो, खालच्याचे काय?

आजोबांकडे त्याचेही उत्तर होते, नव्हे, प्रश्नच होता. याच तळावरच्या खोल्यांत बसून २०१३ पासून अफगाणिस्तानवरची वैमानिकरहित विमाने चालवली गेली. चालवणारा पाळी संपली की घरी जेवायला जातो. त्याच्या जाण्या-येण्याची नोंद करायला वही लागत नाही. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये शेकडो लोकांनी याविरुद्ध लिंकनहून वॉडिंग्टनपर्यंत मोर्चा काढला होता. “तिथल्या बायकांनी मोजायचं ते कुणी मोजायचं?” आजोबा म्हणाले. कलिंगाच्या लढाईनंतर सम्राट अशोकाने मेलेल्यांची आणि नेलेल्यांची संख्या शिलालेखात कोरून ठेवली, ती बहुतेक याचसाठी. जिंकलेल्या राजाने हरलेल्यांची माणसे मोजली, हे जगात विरळच.

दोन तास होत आले. ऊन समोर आले होते. क्षितिजावर तीन ठिपके दिसले. डोक्यावरून घोंघावत गेले, वळले आणि एकेक करून उतरले. आजोबांनी तीन वेळा लिहिली. चौथे विमान दिसेना.

कुंपणापाशी कुणी काही बोलत नव्हते. पाच मिनिटे झाली. आई आम्हाला विचारू लागली, “चार गेली होती ना? मी मोजली होती.” ते विमान कुणाचे, आत बसलेला कुणाचा, पंजाबचा की केरळचा की विदर्भाचा, काही ठाऊक नव्हते. पण त्या वेळी ती एका मुलाची वाट पाहत होती. दहा मिनिटे झाली. मग दक्षिणेच्या बाजूला ढगातून एक दिवा दिसला आणि चौथे विमान अगदी सरळ, हळू उतरले. का उशीर झाला ते कळले नाही. सरावात तसे होतही असेल. आजोबांनी वेळ लिहिली, वही मिटली आणि खुर्चीची घडी घातली. “चार गेली, चार आली. आता घरी जायला हरकत नाही.”

मुलाने उतरत्या विमानांचे फोटो पाहिले आणि तो हिरमुसला. सूर्य समोर असल्याने सगळी काळी आली होती. चौथे तर हललेलेही होते.

दुसऱ्या दिवशी त्याने आम्हाला शहराबाहेरच्या कॅनविक टेकडीवर नेले. २०१८ साली तिथे बाँबफेकी दलातल्या मृतांचे स्मारक खुले झाले आहे. मधोमध गंजल्या रंगाच्या पोलादाचा ३१ मीटर उंचीचा मनोरा, लँकेस्टर विमानाच्या पंखांइतका. भोवतीच्या पोलादी भिंतींवर सुमारे ५८ हजार नावे अक्षरे कापून कोरली आहेत. अक्षरांतून पलीकडचे आकाश दिसते. आतल्या प्रदर्शनात जर्मनीतल्या शहरांची, खाली मेलेल्या माणसांचीही गोष्ट सांगितली आहे. एकट्या ड्रेस्डेनमध्ये फेब्रुवारी १९४५ मध्ये सुमारे २५ हजार लोक मेले. ते पाहून बरे वाटले असे म्हणता येणार नाही, पण दोन्ही बाजूंची मोजदाद एका छपराखाली झाली, हे योग्य वाटले. परतताना मुलाने आठवण काढली की १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले, पण त्यांची पुस्तके ज्या बोटीने येत होती ती पाणबुडीने बुडवली. माणूस परत आला म्हणून पुढचे सारे झाले. पुस्तके पुन्हा घेता आली.

त्या रात्री धाकटीचा फोन आला. आई बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, “भर अर्ज. पण एक ऐक. तिथं गेलीस तर शिकून घे नीट. आपलं काम असं कर की तुझ्या हातून गेलेलं विमान परत आलं पाहिजे. आणि वरून खाली पाहशील तेव्हा खालीही कुणाची तरी आई आहे, हे विसरू नको.” पलीकडून काही आवाज आला नाही. नंतर बारीक आवाजात, “हो आई.” मुलाने विचारले, कोणता फोटो पाठवू? ज्वाळेचा सुंदर आला आहे. आईने चौथ्या विमानाचा काळा, हललेला फोटो पाठवायला लावला.

त्या खेपेला धाकटी लेखी परीक्षेत पास झाली आणि धावण्याच्या चाचणीत राहिली. मुलींना १.६ किलोमीटर अंतर ८ मिनिटांत कापावे लागते. तिला थोडी सेकंदे जास्त लागली. पुढच्या भरतीचा अर्ज भरला तेव्हा आम्ही नागपूरला परतलो होतो. पहाटे पाच वाजता ती मैदानावर धावायची आणि तिची आई कडेला शाल पांघरून, हातात जुने घड्याळ घेऊन बसायची. प्रत्येक फेरी मोजायची. पोरगी अंधारात वळणापलीकडे दिसेनाशी झाली की उठून उभी राहायची आणि ती पुन्हा दिसली की बसायची.

जय भीम.